वाटून खेळण्याच्या आधीचे धडे: दीड ते तीन वर्षांचं मूल आणि त्याचे सवंगडी

दीड-दोन वर्षांच्या मुलाला मोठी माणसं दिवसभरात कितीदा तरी ‘वाटून खेळ’ म्हणून सांगतात. त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही आणि त्यात मुलाचा काही दोष नसतो. वाटून घ्यायचं म्हणजे समोरच्याला ही वस्तू हवी आहे हे ओळखायचं, दिलेली वस्तू परत येते यावर विश्वास ठेवायचा, ती येईपर्यंत दम धरायचा आणि तोवर हातही आवरायचा. या वयात यातलं एखादं जेमतेम जमत असतं. त्यामुळे वाटून घेणं हा शेवटचा धडा आहे. शेजारी बसून खेळणं, नक्कल करणं, पाळी घेणं, मागणं आणि ‘नको’ म्हणणं हे त्याच्या आधीचे धडे, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

आधी मूल कुठे आहे ते बघा

मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधिकेने १९२०च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात दोन ते पाच वर्षांची मुलं कशी खेळतात याची बारकाईने निरीक्षणं केली आणि १९३२ मध्ये ती प्रसिद्ध केली. नुसतं इकडेतिकडे बघणं, एकट्याने खेळणं, दुसऱ्याचा खेळ न्याहाळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, एकमेकांशी देवाणघेवाण करत खेळणं आणि शेवटी मिळून एकच खेळ खेळणं, अशी वर्गवारी त्यांनी केली. ती आजही वापरली जाते. मात्र तिच्याकडे जिन्यासारखं बघू नका. पुढच्या संशोधकांना असं दिसलं की मुलं या प्रकारांमध्ये सारखी ये-जा करतात. शेजारी बसून आपापलं खेळणं हा तर बऱ्याचदा पुढच्या एकत्र खेळाचा दरवाजा असतो. म्हणून दोन मुलं एकमेकांकडे पाठ करून ठोकळे रचत असतील, तर ‘अरे, एकत्र खेळा ना!’ म्हणत मध्ये पडू नका.

ढोबळमानाने, वर्ष-दीड वर्षाचं मूल दुसऱ्या मुलाला बघून हसतं, त्याच्या तोंडाला हात लावतं, त्याने भांडं आपटलं की आपणही आपटतं. दीड ते दोन या काळात ‘माझं!’ सुरू होतं. दोन ते अडीचमध्ये नक्कल रंगते: एक उडी मारतो, दुसरा मारतो, दोघं खिदळतात, परत उडी. ही नक्कल म्हणजे शब्दांशिवायच्या गप्पाच असतात, तिला कमी लेखू नका. तीन वर्षांच्या आसपास मुलं आपणहून दुसऱ्यांच्या खेळात शिरू लागतात.

‘माझं’चं फार वाईट वाटून घेऊ नका. लॉरा लेव्हाइन यांनी १९८३ मध्ये दोन वर्षांच्या मुलग्यांचा अभ्यास केला. ज्यांना ‘मी’ आणि ‘दुसरा’ हा भेद जास्त स्पष्ट होता, तेच खेळण्यांवर जास्त हक्क सांगत होते. म्हणजे ज्याला आपण हावरटपणा समजतो, तो बऱ्याचदा स्वतःची ओळख पटल्याचा गाजावाजा असतो.

घरच्या घरी पाळीचा सराव

दुसरं मूल समोर येण्याआधी हा सराव मोठ्या माणसाबरोबर व्हायला हवा, कारण मोठं माणूस थांबू शकतं आणि दुसरं मूल थांबणार नाही.

जमिनीवर पाय पसरून समोरासमोर बसा आणि चेंडू ढकला. ‘आता तुझ्याकडे.’ तो परत आला की ‘आता माझ्याकडे.’ शब्द दर वेळी तेच ठेवा. दोन-चार दिवसांत ते ओळखीचे झाले की चेंडू हातात धरून एक-दोन सेकंद थांबा, मुलाकडे बघून भुवया उंचवा, मग ढकला. हे थांबणं हळूहळू वाढवा. तेवढा वेळ वाट बघताना मूल रडत नसेल, तर तो त्याचा दम धरण्याचा पहिला धडा झाला. मूल चिडलं, तर आपण फार ताणलं असं समजून पुन्हा आखूड करा.

ठोकळ्यांचा मनोरा याहून चांगला, कारण त्यात पाळी डोळ्यांना दिसते: एक ठोकळा तुझा, एक माझा. शेवटी पाडायची पाळी मात्र मुलाचीच ठेवा.

तिसरा खेळ देण्याचा आणि परत मिळण्याचा. मुलाच्या हातातली डबी मागा, तळहात पुढे करा. दिली तर घ्या, उघडून बघा, ‘अरे वा’ म्हणा आणि लगेच परत करा. ‘लगेच’ महत्त्वाचं. दिलेली वस्तू परत येते हे मुलाला आधी घरात, भरवशाच्या माणसाकडून, शंभरदा अनुभवू दे. गंमत म्हणून खेळणं पळवणारे आणि मूल रडकुंडीला आलं की हसत परत करणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. त्यांना प्रेमाने पण ठामपणे थांबवा. त्यांच्या या गमतीतून मूल वस्तू घट्ट धरून ठेवायला शिकतं.

पहिली भेट ठरवताना

एकच मूल बोलवा. दोन वर्षांच्या चार मुलांना एका खोलीत सोडणं हा मोठ्यांचा गप्पांचा कार्यक्रम असतो, मुलांचा खेळ नव्हे. वय साधारण सारखं असेल तर बरं, पण त्याहून स्वभाव बघा. अंगावर धावून खेळणारं आणि कोपऱ्यातून बघणारं अशी जोडी पहिल्यांदा नको.

वेळ झोप आणि खाणं झाल्यानंतरची, अर्ध्या-पाऊण तासाची. मजा येत असतानाच आवरतं घेतलेलं केव्हाही चांगलं, कारण भांडणं बहुधा शेवटच्या दमलेल्या वेळात होतात. टीव्ही बंद.

खेळणी निवडणं म्हणजे निम्मं काम. मुलाच्या जिवाची जी एक-दोन खेळणी असतील, ती पाहुणे येण्याआधी त्याच्याच हाताने कपाटात ठेवा: ‘हे कुणाला द्यायचं नाहीये ना? मग आत ठेवू या.’ उरलेली बाहेरची. यामुळे मुलाला कळतं की आपल्या वस्तूवर आपलाही हक्क आहे. एकुलती एक तीनचाकी, एकुलती एक बाहुलगाडी यांनाही त्या दिवशी सुट्टी द्या. बाहेर काय ठेवायचं? जे संपत नाही किंवा एकाहून जास्त आहे ते: भरपूर ठोकळे, दोन बादल्या, दोन फावडी, वाळू, जाड खडू आणि जमिनीवर पसरलेला मोठा कागद, रिकामं खोकं. मोठं खोकं तर उत्तमच, कारण त्यात दोघांनी शिरल्यावरच मजा येते. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बारीक, घशात अडकतील असे तुकडे नकोत. पाण्याचा खेळ असेल तर हाताच्या अंतरावर बसून राहा, बादलीतलं थोडं पाणीही धोक्याचं असतं.

मूल नवीन माणसांना बुजत असेल, तर पहिली भेट कुणाच्याच घरी न ठेवता मोकळ्या जागेत ठेवा. तिथे राखायला काही नसतं.

पहिली दहा मिनिटं

इथे मोठ्यांनी करायचं काम म्हणजे जमिनीवर बसणं. सोफ्यावरून सूचना सोडून काही होत नाही.

मूल मांडीला चिकटलं तर चिकटू दे. ‘जा ना, बघ तो कसा खेळतोय’ म्हणून पाठीवर हात देऊन पुढे ढकललं की ते आणखी घट्ट धरतं. बघणं हाही खेळाचाच भाग आहे. तुम्ही दोघांचं हळू आवाजात समालोचन करा: ‘ती बादलीत वाळू भरतेय. भरली. आता उलटी केली, धप्प!’ यातून तुमच्या मुलाला समोर काय चाललंय ते शब्दांत मिळतं आणि दुसऱ्या मुलालाही कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे कळतं. मग तुमच्या मुलाच्या हातात दुसरी बादली द्या, बास. ‘तू पण कर’ म्हणायचीही गरज नाही. वाळूत हात घातलेलं मूल फार वेळ मांडीत राहत नाही.

अडीच-तीन वर्षांच्या मुलांना आपण ‘मी खेळू का?’ असं विचारायला शिकवतो. शिष्टाचार म्हणून ठीक, पण या प्रश्नाचं सोपं उत्तर ‘नाही’ असतं आणि मुलं तेच देतात. त्याहून हमखास चालणारी वाट अशी: आधी बघायचं, मग शेजारी बसून तेच करायचं, मग त्या खेळात उपयोगी पडेल असं काहीतरी पुढे करायचं. गाडीचा रस्ता बनत असेल तर एक ठोकळा न्यायचा. तो बहुतेक वेळा घेतला जातो, आणि ठोकळा घेतला की माणूसही आत घेतलेलं असतं. पहिल्या काही वेळा तुम्हीच ठोकळा घेऊन सोबत जा.

एकच बादली, दोन हात

आता खरं प्रकरण. दोन बादल्या ठेवूनही लाल बादलीच दोघांना हवी असते. तुमच्या मुलाच्या हातात ती आहे, पाहुणीने कडी पकडली आणि ओढायला लागली.

आधी दोन श्वास थांबा. दोघंही नुसती ओढत असतील, कुणी रडत नसेल, कुणाला लागत नसेल, तर बऱ्याचदा एकाचा रस संपतो आणि प्रकरण मिटतं. मोठ्यांनी प्रत्येक ओढाताणीत उडी घेतली, तर मुलं मिटवायला शिकणार कधी? पण हात उगारला गेला किंवा आवाज चढला, की मात्र जवळ जा. लांबून ओरडू नका.

गुडघ्यावर बसा, दोघांच्या मध्ये, आणि बादलीवर हात ठेवा. हिसकावून घेऊ नका, नाहीतर तुम्हीही तेच केलंत जे करू नका म्हणताय. ‘बादली मी धरून ठेवते.’ वस्तू हलायची थांबली की दोघांचं लक्ष तुमच्याकडे येतं. मग दोघांची बाजू दोन आखूड वाक्यांत: ‘तू खेळत होतास. तिला पण हवी आहे.’ न्यायनिवाडा नको, ‘कुणी सुरू केलं’ नको. त्यांना सांगता येणार नाही आणि तुम्ही बहुधा पाहिलेलंही नसतं.

‘तिला पण हवी आहे’ हे वाक्य वाटतं त्यापेक्षा जास्त काम करतं. सेलिया ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये छापलेल्या प्रयोगात, समोरच्या माणसाने आपल्याला काय हवंय ते स्पष्ट बोलून दाखवलं तेव्हा दोन वर्षांच्या थोडी पुढची मुलं त्यालाही काही मिळेल अशी निवड करत होती. दीड वर्षांच्या मुलांना तेव्हाही ते जमलं नाही. दोन वर्षांच्या मुलाला दुसऱ्याचा चेहरा वाचून त्याची गरज ओळखणं जड जातं. ती गरज कुणीतरी शब्दात मांडावी लागते आणि पाहुणीला ते येत नसेल, तर तुम्ही मांडा.

यानंतर पाळी. ज्याच्या हातात बादली होती, त्याला ती पुरी वापरू द्या: ‘तुझं झालं की तिला दे.’ काही जण यासाठी घड्याळ लावतात. झोपाळ्यासाठी, जिथे मागे रांग असते, तिथे ‘दहा झोके, मग त्याचे दहा’ हे चांगलं. पण बादली-गाडीसाठी, अडीचच्या आत, माझा कौल मुलाच्या मनाने ठरू देण्याला आहे. घंटी वाजली म्हणून हातातून गेलेली वस्तू ही त्याच्या दृष्टीने हिसकावलेलीच असते. आणि ‘झालं की दे’ असं सांगितलेली मुलं बरेचदा अर्ध्या मिनिटात कंटाळून आपणहून देतात. नाही दिलं, तर पाहुणीला सांभाळणं हे तुमचं काम. तिला जवळ घ्या: ‘थांबायला कठीण जातंय ना? तोवर आपण भोक खणू.’ थांबणाऱ्या मुलाला काहीतरी करायला देणं हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत विसरलं जाणारं काम आहे.

आणि मग कधीतरी बादली पुढे होते. त्या वेळी ‘शहाणं बाळ ते!’ म्हणण्यापेक्षा काय झालं ते दाखवा: ‘तू बादली दिलीस. बघ तिच्या तोंडाकडे, हसतेय.’ बक्षीस देऊ नका, खाऊसुद्धा नाही. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांच्या २००८च्या प्रयोगात वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल वस्तू मिळाली, ती पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नाही किंवा नुसतं कौतुक मिळालं, त्यांच्या बाबतीत तसं झालं नाही.

मागणाऱ्या मुलालाही शिकवायचं असतं. हिसकावण्याऐवजी तळहात पुढे करणं आणि ‘मला’ किंवा ‘दे ना’ म्हणणं. बोलता येत नसेल तर नुसता तळहात. आणि ज्याच्याकडे आहे त्याला ‘आत्ता नको’ म्हणायची मुभा. ‘पाहुणे आहेत, देऊन टाक’ असं म्हणत आपल्याच मुलाच्या हातातून काढून पाहुण्याला देणं ही आपली जुनी खोड. त्यातून वाटणं शिकवलं जात नाही, पाहुण्यांची मर्जी मात्र राखली जाते.

मारलं, चावलं, ढकललं

कॅनडातले रिचर्ड ट्रेंबले यांनी मुलांच्या आक्रमकतेचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. मारणं, ढकलणं, लाथा मारणं हे शाळकरी वयात शिकलं जात नाही. ते दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं आणि बहुतेक मुलांमध्ये पुढे कमी होत जातं. तेव्हा दोन वर्षांच्या मुलाने चावा घेतला म्हणून तो पुढे गुंड होणार असं कुणी म्हटलं, तर मनाला लावून घेऊ नका. पण दुर्लक्षही नको, कारण ते कमी होतं त्यात मोठ्यांचा हात असतो.

आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जा. मारणाऱ्याकडे पहिल्यांदा धावलं की सगळं लक्ष त्यालाच मिळतं. दुसऱ्याला जवळ घेतलं की मग आपल्या मुलाचा हात हलकेच धरून, डोळ्यांत बघून, एकच वाक्य: ‘मारायचं नाही, तिला लागतं.’ लांबलचक व्याख्यान या वयात पोचत नाही. उलट चावून दाखवणं, ‘बघ कसं लागतं’ म्हणून चापट देणं यातून मोठी माणसंही मारतात एवढंच कळतं.

मग भरपाई. ‘सॉरी म्हण, म्हण सॉरी, म्हटल्याशिवाय घरी नाही जायचं’ या नाट्यातून दोन वर्षांच्या मुलाला एक अडलेला शब्द आणि भरपूर शरम मिळते. त्यापेक्षा त्याला ओला रुमाल आणायला सांगा, पडलेला ठोकळा उचलून द्यायला सांगा. सॉरी तुम्ही म्हणा, त्या मुलाला आणि त्याच्या आईबाबांनाही, मनापासून आणि थोडक्यात.

वारंवार होत असेल, तर आठवडाभर बघा: कधी होतं? झोपेच्या वेळेआधी, दात येताना, खोलीत गर्दी झाल्यावर, की कुणी मागून येऊन मिठी मारल्यावर? बहुतेक वेळा एक नमुना सापडतो. मग त्या वेळी मुलाच्या हाताच्या अंतरावर राहा आणि उगारलेला हात खाली येण्याआधीच धरा. मारल्यानंतरच्या शिक्षेपेक्षा याने जास्त फरक पडतो.

नेहमी मार खाणाऱ्या मुलाचीही तालीम घ्या. आरशासमोर उभं राहून हात पुढे करायचा आणि मोठ्याने ‘थांब!’ म्हणायचं. मुलांना हा खेळ भलताच आवडतो, काही दिवस ती बाबांनाही थांबवत सुटतात.

घरी परतल्यावर

रात्री चित्रांचं पुस्तक उघडलं की एखाद्या चेहऱ्यावर थांबा. ‘हा का रडतोय?’ मुलाला उत्तर शोधू द्या, भलतंच आलं तरी चालेल. ब्राउनेल यांच्याच २०१३च्या अभ्यासात, पुस्तक बघताना मुलांना भावनांची नावं सांगायला आणि त्यामागचं कारण शोधायला लावणाऱ्या आईबाबांची मुलं दुसऱ्याला मदत करायला आणि द्यायला लवकर पुढे होत होती. आईबाबा स्वतः किती सांगतात त्यापेक्षा मुलाला किती विचारतात, हे तिथे महत्त्वाचं ठरलं. दिवसभरातली भांडणं मात्र परत उगाळू नका, ती मुलांच्या लेखी संपलेली असतात.

डॉक्टरांना कधी विचारावं

लाजणं, एकट्याने रमणं, अडीच वर्षांचं असूनही न वाटणं याने घाबरायचं कारण नाही. पुढच्या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. नऊ महिन्यांनंतर नाव घेऊन हाक मारली तरी मूल बघत नाही. दीड वर्षाचं झालं तरी काही गंमत दाखवण्यासाठी बोट करत नाही. दोन वर्षांचं झालं तरी जवळचं कुणी रडत असल्याचं त्याच्या लक्षात येत नाही. तीन वर्षांचं होऊनही इतर मुलांकडे ढुंकून बघत नाही. आणि कुठल्याही वयात, आधी येणारे शब्द किंवा हसणं-खेळणं नाहीसं झालं, तर त्याच आठवड्यात जा.

ऐकू नीट येतं की नाही हे आधी तपासून घ्या, कारण कमी ऐकणारं मूल खेळात हुबेहूब ‘आपल्यातच असलेलं’ दिसतं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता तपासणारी, आईबाबांनी भरायची एक साधी प्रश्नावली बालरोगतज्ज्ञांकडे असते. तीत काही निघालं म्हणजे निदान झालं असं नाही, पुढची तपासणी करायची एवढाच त्याचा अर्थ. जाताना मूल इतर मुलांमध्ये असतानाचे एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ घेऊन जा. अनोळखी खोलीत, पांढऱ्या कोटासमोर मूल जसं वागतं, त्यावरून ते मैदानात कसं असतं हे कुणालाच सांगता येत नाही.